सात औटे साडेचोवीस

ऑपरेशनच्या आदल्या रात्री भूलतज्ज्ञ मॅडम आईला बघायला आल्या. तोंड उघडा, मान मागं घ्या, कवळी आहे का, जिना चढताना धाप लागते का, असं सगळं विचारून झालं. मग खुर्ची ओढून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आज वार कोणता?"

"सोमवार. श्रावणातला. आणि उपासाचं काय दिलं न्हाई मला कुणी."

"बरं, शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून पुन्हा सात. असं करत चला."

आईनं माझ्याकडं बघितलं. शाळेत न शिकवलेला प्रश्न पेपरात आल्यावर माझे विद्यार्थी बघतात, तसं. "त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी." आणि थांबली. "असलं उलटं कशाला? औटकी विचारा की."

मॅडमना औटकी माहीत नव्हती. मी सांगितलं, साडेतीनचा पाढा. तोवर आई सुरूसुद्धा झाली होती. पाच औटे साडेसतरा, सहा औटे एकवीस, सात औटे साडेचोवीस. पायाला वजन लटकवलेलं, खुब्याचं हाड मोडलेलं आणि आवाज मात्र दुसरीतल्या पोरीसारखा खणखणीत. मॅडम हसल्या, कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या. मीही हसले. औटकीच्या कौतुकात ते एकोणऐंशीला थांबणं माझ्या लक्षातच आलं नाही.

औटकी तिला आजोबांनी शिकवली. आजोबा कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. शाहू महाराजांनी १८९५ साली ती पेठ वसवली, आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांची डोकी तिथल्या रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, हिशेबात घडली. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी. दशमान आल्यावर शाळेत यातलं काही राहिलं नाही, पण आजोबांनी पोरीला घरात बसवून पाठ करून घेतलं. पुढं संसारात रतीब, वाणी, भाडं, सगळं तिनं तोंडी सांभाळलं. शिवाजी पेठेतल्या वीस बायकांची भिशी गेली बावीस वर्षं तीच चालवते. कागद लोकांना दाखवण्यापुरता, खरा हिशेब डोक्यात.

असं डोकं असलेली बाई न्हाणीघरात पाय घसरून पडली, आणि दोन दिवसांनी तिला भूल द्यायची ठरली.

'भूल' हा शब्द आपल्याकडं किती कामं करतो बघा. चूक म्हणजे भूल. रानात वाट चुकली की भूल पडली. कुणाच्या नादी लागलं की भूल घातली. आणि टेबलावर झोपवून शुद्ध घालवायची तीही भूलच. मॅडम गेल्यावर आईनं विचारलं होतं, "हीच व्हय भूल घालणारी?" त्या वेळी आम्ही सगळे हसलो होतो. पुढं दोन महिने घरात प्रत्येक जण तो शब्द वेगळ्या अर्थानं वापरत होता आणि ऑपरेशननंतर आई बदलली ती भुलीमुळंच का, हा वाद त्यातूनच वाढत गेला.

दादाचं म्हणणं, कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं असतं तर हे काही झालंच नसतं. पण आई हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेते. ती पोटात असताना पाठीच्या कण्यात सुई घातली तर आत रक्त साकळून मज्जारज्जू दबण्याचा धोका. गोळीचा असर उतरायला दिवस लागतात, आणि या वयात मोडका खुबा तसाच ठेवून दिवस काढणं त्याहून वाईट. म्हणून पूर्ण भूल. हे मॅडमनी आम्हाला कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या नीट सांगितलं होतं. दादानं मान डोलावली होती. मान डोलावणं आणि ऐकणं यात अंतर असतं, हे वर्गात रोज बघते मी.

आईची त्या दिवसाची शेवटची आठवण अशी: "पांढरं दूध टोचलं बघ हातात. म्हटलं, गंगावेशीतनं आणलं काय?" ते प्रोपोफॉल, भुलीचं औषध. दिसतं खरंच दुधासारखं, कारण औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते सोयाबीनच्या तेलात आणि अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनमध्ये घुसळून देतात. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन पैलवान उभे असतात, ते दूध अंगात उतरायला वर्षं लागतात. हे अर्ध्या मिनिटात उतरतं.

उतरून करतं काय? मी शिकवते भौतिकशास्त्र, त्यामुळं मला या प्रश्नाचा इतिहास उत्तराइतकाच आवडला. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनच्या रुग्णालयात मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं इथर हुंगवलं आणि चारचौघांसमोर रोग्याच्या मानेवरची गाठ कापली गेली. पुढच्याच वर्षी एडिंबरात सिम्पसननं क्लोरोफॉर्म आणलं. एकोणिसावं शतक संपायच्या आत हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देत होत्या. (आई "बाई भूल देणार?" म्हणून जरा साशंक होती, तिला हे सांगितलं. "पारशीण असंल," एवढंच म्हणाली.) पण औषध वापरात येऊन पन्नास वर्षं झाली तरी ते काम कसं करतं याचा पत्ता नव्हता. १८९९ मध्ये मायर आणि पाठोपाठ ओव्हरटन यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली: जे द्रव्य तेलात जास्त विरघळतं, ते भूल म्हणून तितकंच जास्त जोरकस. आकृती काढली तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत. मग सगळ्यांनी धरून चाललं की हे पदार्थ मेंदूच्या पेशींभोवतीच्या चरबीच्या पडद्यात घुसून बसत असणार.

ही समजूत ऐंशी-एक वर्षं टिकली. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब या दोघांनी काजव्याच्या शेपटीतलं प्रथिन घेतलं. ज्यामुळं काजवा उजळतो ते. त्यात चरबीचा अंश नाही. त्यावर भुलीची औषधं टाकली तर त्याचं काम मंदावलं, आणि जे औषध माणसाला जितकं जोरात झोपवतं तितकंच त्यालाही दाबतं. म्हणजे भूल थेट प्रथिनांच्या खाचेत जाऊन बसू शकते, चरबीचा पडदा लागतोच असं नाही. मेमध्ये वळवाच्या सुमाराला आम्ही राधानगरीला काजवे बघायला जातो. एका झाडावर हजारो दिवे एकदम पेटतात, एकदम विझतात. हे वाचल्यापासून तिथं उभं राहिलं की मला ऑपरेशन थिएटर आठवणार, त्याला इलाज नाही.

मेंदूतलं ते प्रथिन म्हणजे मुख्यतः गाबा नावाच्या रसायनाचं ग्राहक, म्हणजे ते रसायन जिथं येऊन चिकटतं ती पेशीवरची जागा. गाबा हा मेंदूचा ब्रेक. प्रोपोफॉल, आणि नळीतून हुंगवतात तो सेव्होफ्लुरेन, हे दोन्ही तो ब्रेक दाबून धरतात. पेशीत ऋणभाराचे क्लोराइड आयन शिरत राहतात, पेशी पेटेनाशी होते. केटामीन हे भुलीचं आणखी एक औषध वेगळ्या वाटेनं जातं, ते चालना देणारं दारच बंद करतं. पण निकाल एकच: मेंदूचे भाग एकमेकांशी बोलायचे थांबतात. प्रत्येक पेठ आपापल्या जागी असते, पण पेठेतून पेठेत जायचे रस्ते बंद. म्हणून डॉक्टर रोग्याला 'झोप लागेल' म्हणतात ते धीर देण्यासाठी. झोपेतल्या माणसाला हाक मारली की तो उठतो. भुलीतला उठत नाही. ती औषधानं आणलेली आणि औषध थांबवलं की परतणारी बेशुद्धी आहे. 'परतणारी' यावरच सगळा विश्वास.

आई परतली. संध्याकाळी शुद्धीवर आली, मला नावानं हाक मारली, "तुझ्या पोराला डबा कुणी दिला?" विचारलं. आम्ही निवांत झालो. दुसऱ्या रात्री अडीचला दादाचा फोन आला.

मी पोचले तेव्हा तिनं सलाईनची सुई उपटून टाकली होती. चादरीवर रक्ताचे डाग. ती माझ्या मागच्या भिंतीकडं बोट करून सांगत होती, "गाडीवाल्याला सांग, रवे इथं नको लावू. पावसाचं वल्ल होतंय." वॉर्डाच्या भिंतीला लागून तिला गुळाचे रवे दिसत होते. मोजत होती. मोजताना चुकत होती आणि चुकलं म्हणून रडत होती. तिला हिशेब चुकला म्हणून रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. बाहेरगावाहून आलेला एक तरुण डॉक्टर वहीत नोंदी करत होता. त्यानं हलक्या आवाजात दादाला सांगितलं की पेशंटला आपण बाई आहोत याचंही भान नाही, ती स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' म्हणते. त्या तसल्या रात्रीही दादा खो-खो हसला. "साहेब, मग अख्खं कोल्हापूर ऍडमिट करून घ्या."

याला इंग्रजीत डिलिरियम म्हणतात. आमच्याकडं वातात जाणं म्हणतात. ते भुलीच्या अंमलासारखं सलग नसतं. मध्ये चांगली शुद्ध येते, दिवस मावळला की पुन्हा बिघडतं. तिसऱ्या दिवशी आई गप्प झाली. डोळे उघडे, पण कुठं बघते कळेना. बघायला आलेल्या आत्या म्हणाल्या, "शांत झाल्या बाई." मॅडम मात्र त्याच शांततेनं जास्त काळजीत पडल्या. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांच्या नजरेत येतो, हा गप्प पडलेला कुणाच्याच नजरेत येत नाही, आणि हीच गत जास्त जणांची होते.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "चष्मा कुठाय?"

चष्मा वहिनीच्या पर्समध्ये होता. कवळीही. कानातलं यंत्र घरी, देव्हाऱ्याशेजारी डबीत, हरवेल म्हणून. आम्ही सगळ्यांनी मिळून एका त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला आंधळी, बहिरी आणि बोळकी करून खिडकी नसलेल्या खोलीत, चोवीस तास पेटलेल्या ट्यूबलाईटखाली झोपवलं होतं, आणि तिला दिवस-रात्र कळेना म्हणून औषधाला शिव्या घालत होतो. त्या दुपारी चष्मा आला, यंत्र आलं, कवळी आली. दादानं घरातलं भिंतीवरचं घड्याळ आणि महालक्ष्मी कॅलेंडर आणून समोर लावलं. खिडकीशेजारची खाट मिळाली. पाणी सारखं पाजायचं, दिवसा बसवायचं, रात्री उगाच उठवायचं नाही, झोपेची गोळी तर मुळीच द्यायची नाही. एवढंच. पाचव्या दिवशी तिनं डब्यातल्या आमटीला नावं ठेवली आणि वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं, असं वहिनी सांगते.

घरी आल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. आई चालायला लागली, पण काहीतरी कमी होतं. गॅसवर दूध ठेवलेलं विसरायची. तेच दोनदा सांगायची. नातवानं औटकी म्हणायला लावली तर 'सहा औटे एकवीस'पाशी अडखळली आणि "जा रं, अभ्यास कर" म्हणून त्याला पिटाळलं. दादानं निकाल दिला: भूल बाधली. येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच म्हणे. कुणाच्या काकांची, कुणाच्या सासूची तीच कथा. या सगळ्या कथा खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. १९५५ मध्येच बेडफर्ड नावाच्या डॉक्टरनं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात असल्याच तक्रारी गोळा करून मांडल्या होत्या: भुलीनंतर आमचा म्हातारा पहिल्यासारखा राहिला नाही.

मोजमाप मात्र बऱ्याच उशिरा झालं. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच एक मोठा अभ्यास आला. साठीच्या पुढचे, मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे गेलेले १,२१८ लोक. त्यांच्या स्मरणाच्या, लक्षाच्या परीक्षा ऑपरेशनच्या आधी घेतल्या आणि नंतर घेतल्या. आठवड्यानं चौघांतला एक, म्हणजे २५.८ टक्के, आधीपेक्षा खाली आलेला. तीन महिन्यांनी ९.९ टक्के. ज्यांचं ऑपरेशनच झालं नाही अशा त्याच वयाच्या लोकांत तीन महिन्यांनी २.८ टक्के. म्हणजे काहीतरी होतं, हे नक्की.

पण ते भुलीमुळंच का? त्यासाठी फक्त अंग बधिर केलेले आणि पूर्ण भूल दिलेले यांची तुलना केली, तर तीन महिन्यांनी दोन्हीकडं सारखंच. २०२१ मध्ये खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांवरच्या चाचणीत ऑपरेशननंतर वातात जाणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत वीस टक्क्यांच्या आसपास, फरक नावापुरता. दादाचं कमरेतलं इंजेक्शन इथं निकालात निघतं. मी त्याला तो आलेख दाखवला. तो म्हणाला, "तुझं पुस्तक आईला ओळखतं काय?"

औषध अगदी निर्दोष आहे, असं मात्र नाही. उंदरांवरच्या प्रयोगात गाबाची काही विशिष्ट ग्राहकं भूल उतरून गेल्यावरही पेशीच्या पृष्ठभागावर जास्त संख्येनं टिकून राहतात आणि उंदीर काही दिवस विसराळू होतात. काचेतल्या पेशींवर आयसोफ्लुरेन हे हुंगवायचं भुलीचं औषध सोडलं तर अल्झायमरशी नातं असलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन वाढतं. २००३ मध्ये उंदरांच्या सात दिवसांच्या पिल्लांना सहा तास भूल दिली तर त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेल्याचं दिसलं, आणि जगभरच्या आयाबापांची झोप उडाली. त्यावर पुढं हर्नियाच्या ऑपरेशनच्या ७२२ तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला. तासाभराच्या आतली एकच भूल घेतलेली मुलं पाचव्या वर्षी बुद्धीला, फक्त अंग बधिर करून ऑपरेशन झालेल्या मुलांइतकीच होती. लांबलेल्या किंवा वारंवारच्या भुलीबद्दल मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा दिला, तो कायम आहे. उंदराचा मेंदू, बाळाचा मेंदू, आईचा मेंदू, तिन्ही एका वहीत मांडता येत नाहीत, एवढंच मी दादाला सांगू शकले.

म्हाताऱ्या मेंदूत संशय जास्त जातो तो जखमेवर. हाड मोडतं, मांस कापलं जातं, शरीर दाहाची रसायनं रक्तात सोडतं, ती मेंदूभोवतीची तटबंदी ढिली करतात आणि आतल्या पहारेकरी पेशी खवळतात. तरण्या मेंदूला हे पेलतं, कारण त्याच्या गाठीशी शिल्लक असते. ज्याची शिल्लक आधीच संपत आलेली, त्याचं खातं या एका खर्चात उघडं पडतं. इथं मला ते एकोणऐंशी आठवलं.

१९९८ च्या अभ्यासाची सगळी मदार 'आधी'वर आहे. आधी परीक्षा घेतली म्हणून नंतरची घसरण कळली. आमच्याकडं 'आधी' म्हणजे काय होतं? मॅडमच्या कागदावरची दोन ओळींची नोंद. आणि आमच्या डोक्यातली आई, जी कदाचित दहा वर्षांपूर्वीचीच होती.

दिवाळीत आईची भिशीची वही काढली. तपासायला नाही, तिनंच सांगितलं होतं म्हणून. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. मागची पानं चाळायला लागले. नावं, पाचशे, बरोबरची खूण. गेल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत आईचं अक्षर एका रेषेत. त्यानंतरच्या महिन्यात एकाच बाईच्या नावासमोर दोन खुणा. जानेवारीत बेरीज साडेनऊ हजार, खाली खोडून दहा. मार्चमध्ये एक नाव गाळलेलं. आणि प्रत्येक चुकीशेजारी पेन्सिलीनं, बारीक, वेगळ्या अक्षरात दुरुस्ती. खुबा मोडायच्या आधीचे नऊ महिने.

ते अक्षर समोरच्या वाड्यातल्या काकूंचं. मी वही घेऊन त्यांच्याकडं गेले. त्या फराळाचं करत होत्या, हात बेसनाचे. वहीकडं बघितलं आणि लाडू वळत राहिल्या.

"एकदा पाचशे कमी पडले तर मीच घातले. कुणाला बोललो न्हाई," त्या म्हणाल्या.

"आम्हाला तरी सांगायचं की काकू."

"तुम्हाला कशाला? तुम्ही लगीच वही काढून घेतली असती."

घेतलीच असती. दादानं तर दुसऱ्याच दिवशी. मी लाडू खाल्ला, पाणी प्यायले आणि परत आले. मॅडमना दाखवायला म्हणून त्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवलेत. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. दादाला अजून काही सांगितलेलं नाही.

आई खिडकीत वाती वळत बसली होती. मी वही जागेवर ठेवली. बोलणार नव्हते, पण बोलून गेले. "काकू तुझ्या वहीत पेन्सिलीनं लिहितात, तुला माहीत आहे?"

"व्हय की. चुकलं की ती दुरुस्त करती."

"आणि पाचशे घातलेले?"

"तेबी म्हायताय. म्हणून तर पुढची भिशी तिलाच लागली."

"आई, भिशी चिठ्ठ्या टाकून लागते."

तिनं वात दोन बोटांत ताणली, टोक बघितलं. "चिठ्ठी मीच काढतो न्हवं."